शांतवनकाका आधी झोपून बघायचे

शांतवनकाका मला पहिल्यांदा दिसले ते कबरीतून उठताना. मी घाबरट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण छावणीतल्या ख्रिस्ती कबरस्तानात, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, ताज्या खणलेल्या कबरीत सहज डोकवावं आणि आत उताणा पडलेला म्हातारा उठून बसून "सलाम ताई" म्हणाला, तर माणसानं करावं काय? मी अशी किंचाळले की फाटकाबाहेरचा रसवाला गाडी सोडून धावत आला.

"भिऊ नका, जिताच हाये," अंगावरची माती झटकत काका म्हणाले. "खडे बघत होतो."

चाळीस वर्षं ते तिथं कबरी खणत होते, आणि प्रत्येक कबर खणून झाली की स्वतः तिच्यात झोपून बघायचे. पाठीला खडा टोचला की चाचपून काढायचे, परत झोपायचे. मी म्हटलं, अहो काका, माणूस पेटीत असतो, त्याला काय टोचणार?

"पेटी किती दिस टिकती? आन् पाव्हणा आला की चादर झटकून देतो का नाय आपण? मंग! ह्यांचा तर केवढा मुक्काम."

मी तिथं गेले होते शब्द शोधायला. आमचं सात-आठ सिनेमावेड्यांचं एक मंडळ आहे. एका विचित्र इटालियन सिनेमाच्या संवादांखाली मराठी ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या सिनेमात एका गावातले मेलेले लोक कबरीतून उठून घरी येतात, आणि तेही कशासाठी? एक जण विसरलेल्या छत्रीसाठी, दुसरा पत्त्यांचा अर्धा राहिलेला डाव पुरा करायला. कबरस्तानाचा राखणदार वैतागून एकेकाला फावडं हाणतो आणि परत पुरतो. अंगावर काटाही येतो आणि हसूनहसून पोटही दुखतं. मला मात्र कुदळ आणि टिकाव यांतला फरकही माहीत नव्हता.

काकांनी दोन्ही हातात देऊन तो शिकवला. मग एका दुपारी मी लिंबाखालच्या बाकावर लॅपटॉप उघडून त्यांना सिनेमाच दाखवला. ते दहाच मिनिटांत खवळले. "ह्या बाबानं जन्मात फावडं धरलं नसंल! असं वाकतात व्हय? कंबर गेली म्हणा ह्याची." रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या तर म्हणाले, "रंग लई सांडलाय." छत्रीवाल्याला बघून मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "त्या कोपऱ्यातले आमचे सायमन मास्तर असेच उठून येतील बघा. छत्री लई जपायचे."

मग राखणदाराची स्वतःची बायको उठून येते तो प्रसंग आला. ती निमूटपणे स्वयंपाकघरात शिरते, आणि हा मागून फावडं उगारतो. आम्ही मंडळात इथं हमखास खिदळायचो.

"थांबवा," काका म्हणाले. "तिला इचारलं का नाय यानं? कशाला उठली ते?"

"अहो, सिनेमा आहे काका."

"व्हय, सिनेमा हाये. पर इचारायला काय झालं होतं?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको, मार्थाबाई, करोनात गेली. तेव्हा काका स्वतः दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. याच कबरस्तानात, मागच्या भिंतीकडे, मशीननं खड्डा खणला गेला आणि पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी माणसांनी तिला त्यात ठेवलं. ज्यानं सगळ्यांसाठी कबर खणली, त्याला बायकोला मूठभर माती देता आली नाही.

"तिकडं सगळा मुरूम हाये ताई, टोकदार. मशीन काय झोपून बघतं व्हय? आन् हिची पाठ लई दुखायची. रोज मलम चोळून द्यायचो मी." पडद्यावर निळ्या रंगानं माखलेली ती बाई तशीच थांबलेली होती. काका तिच्याकडे बघत म्हणाले, "एकदा उठावं आमच्या हिनं. पाचच मिन्टं. त्या दगडावर बसावं. तेवढ्यात मी खडे काढतो."

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला: बायकोची कबर एकदा उघडू द्यावी, खाली साफ करून तासाभरात पूर्ववत करून देतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शांतवन, अशी उघडता येत नाही रे. कायदा आहे." मी भांडायला तोंड उघडलं, तर काकांनीच मला गप्प केलं. "ऱ्हाऊ द्या ताई. साहेबाचं काय चुकलं?" त्यानंतर ते रोज दुपारी त्या कबरीपाशी बसून वरच्या मातीतले खडे वेचायचे. वरचे तरी निघतात, म्हणायचे.

मंडळात सिनेमा दाखवला त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. बायकोवर फावडं उगारताना राखणदार मूळ सिनेमात एक शब्द बोलत नाही. मी खाली ओळ टाकली, "का गं उठलीस?" मंडळातल्यांनी नंतर माझी खरडपट्टी काढली. काकांनी मात्र मागं वळून मला शोधलं आणि मान हलवली.

या हिवाळ्यात काका गेले, झोपेतच. पाळकसाहेबांचा फोन आला तशी मी रिक्षा करून छावणी गाठली. मार्थाबाईंच्या शेजारची जागा मशीननं खणून तयार होती, आणि पेटी काठाशी आलेली होती. आत कोणी झोपून बघितलं का, मी विचारलं. "मशीननं खणलंय ताई," पाळकसाहेब म्हणाले.

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि उतरले. मुरूम गारढोण होता. उताणी झोपले, तर वर आभाळाचा लांबट तुकडा आणि वाकलेली डोकी. कोणीतरी बाई किंचाळली. डाव्या खांद्याखाली एक टोकदार खडा होता, तो उपटून काठावर ठेवला. कमरेखाली दोन निघाले.

"ताई, वर या आता," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "झालं ना?"

"थांबा साहेब," मी म्हटलं. "मार्थाबाईंच्या बाजूला अजून एक आहे."