अण्णांच्या छातीचा एक्स-रे

मी पुण्यात तारा आणि कृष्णविवर यांच्या जोड्यांवर काम करते. दोन्ही एकमेकांभोवती फिरत असतात. ताऱ्याचा वायू ओढला जातो, गरगरत त्याची तबकडी होते, ती भयंकर तापते आणि तिच्यातून एक्स-रे निघतात. हवा ते अडवते, म्हणून निरीक्षण उपग्रहातून करावं लागतं. बोरीत, माझ्या गावी, मात्र मी एक्स-रे काढणारी म्हणूनच ठाऊक होते. मेंढरं राखणाऱ्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ते कधी खोडून काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात आमची एक जोडी बऱ्याच वर्षांनी भडकली. उपग्रह तिच्याकडे वळवायची परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला, अण्णांच्या खोकल्यातून रक्त पडायलंय. लॅपटॉप घेऊन मी गावी आले.

भावाने जिंतूरला नेऊन त्यांच्या छातीचा फोटो काढून आणला होता. डॉक्टरांनी परभणीला जा म्हटलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. अण्णांनी पाकिटातली फिल्म माझ्या हातात दिली. माणसांचे एक्स-रे मला कळत नाहीत, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. शेवटी मी फिल्म दारातल्या उजेडात धरली. उजव्या बाजूला पांढरा गोळा होता. तो दिसायला शिक्षण लागत नव्हतं.

"डॉक्टरला इचारू, अण्णा."

"तुला दिसलंय. तू सांग."

"गाठ हाय. मोठी हाय."

त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली आणि आईला सांगू नको म्हणाले.

परभणीच्या दवाखान्यात कळलं, कॅन्सर फार पसरला होता. तिथल्याच व्हरांड्यात बसून मी आलेली निरीक्षणं उघडली. तबकडीची आतली कड कृष्णविवराच्या अगदी जवळ सरकली होती. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर होतं. मला आनंद झाला, आणि आत अण्णा ऑक्सिजनवर होते.

एकदा मी त्यांना ती जोडी समजावून सांगितली, तर त्यांनी विचारलं, त्या ताऱ्याचं पुढं काय होतं. मी म्हटलं, झिजत जातो, लाखो वर्षं.

"लय हाल हायेत मंग त्याचे," ते म्हणाले.

पोळ्याच्या आधी ते गेले. भावाने मेंढरं विकली. ती टेम्पोत चढवत होते तेव्हा आई घरातच बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, रक्त हिवाळ्यापासूनच पडत होतं. तुझं काम खोळंबेल म्हणून त्यांनी कुणालाच सांगू दिलं नाही.