मंडईला गेलेला देवाजी

भाऊबीज झाली रे झाली, की देवाजीच्या पायाला भिंगरी लागायची. धोतर स्वच्छ धुतलेलं, डोक्यावर टोपी, हातात पितळी मुठीची काठी आणि खांद्याला थैली. थैलीत आनंदाबाईनं फडक्यात बांधून दिलेल्या करंज्या. एवढं घेतलं की म्हातारा जो सावरटोल्याबाहेर पडायचा, तो गावाची मंडई येईपर्यंत परत फिरायचा नाही.

दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुकानं लागतात, पाळणे येतात, रात्रभर मंचावर दंडारीचं नाचगाणं रंगतं आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ लागते. लेक, जावई, साडू, व्याही, कुणाच्या मामाचा मावसभाऊ, सगळे येतात. पोरींची लग्नं इथंच ठरतात, रुसवे इथंच निघतात. देवाजीचा फेरा ठरलेला होता. पहिली चिचगावची मंडई, लेकीकडे, गुड्डीकडे. तिथून शेताशेतानं मोहगाव, बहीण बेबीबाईकडे. पुढं साडू, पुढं मावसभाऊ. शेवटी आपल्या गावच्या मंडईला सकाळीच हजर, आणि मागं दोन-चार पाहुणे. त्यांतल्या एखाद्याचं नाव त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं.

"हा कोण व्हय?" आनंदाबाई आतून विचारायची.

"पाहुणा व्हय. पोहे टाक."

"नाव काय त्याचं?"

"खाल्ल्यावर सांगंल ना."

मोबाईल त्यानं कधी बाळगला नाही. मुलगा चंद्रकुमार वरठीच्या कारखान्यात कामाला. त्यानं एक घेऊन दिला होता, तो शिंक्याला टांगलेला राहिला. "ढोराच्या गळ्यात लोढणं, तसं हे," म्हणायचा. मोटारसायकलवर सोडून देतो म्हटलं तरी नाही. म्हणे, गाडीवर बसून गेलं तर वाटेतल्या लोकांची भेट राहून जाते.

आनंदाबाई मात्र लग्न होऊन आली तशी एकाही परगावच्या मंडईला गेली नव्हती. येणाऱ्याला कोण पाहील? सासूनं पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, पाहुण्याला उपाशी ठेवू नये, आणि एकटं तर मुळीच बसवू नये; घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ बसलेलंच पाहिजे. तेच तिनं आयुष्यभर केलं. "तुमची मंडई पायात," ती नवऱ्याला टोमणा मारायची, "माही चुलीत."

औंदाही तसंच झालं. देवाजी गेला, दुसऱ्या दिवसापासून अवकाळी पाऊस लागला, वारं सुटलं, जिकडंतिकडं पिकलेला धान आडवा लोळला. आनंदाबाईला काळजी वाटली ती धानाची. म्हातारा कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर बसून चहा पीत असेल, यात तिला शंका नव्हती. मंडईच्या दिवसांत माणूस घरी नाही म्हणजे कुठंतरी पाहुणा आहे, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

सावरटोल्याच्या मंडईच्या दिवशी सकाळी गुड्डी आली. पोरांना खाली उतरवत तिनं ओसरीकडं पाहिलं.

"माय, बाबूजी कोठी हायेत?"

"कोठी म्हंजे? तुह्याबरोबर नाही आले?"

"माह्याकडून तं ते दुसऱ्याच दिवशी निघाले. पाणी येऊन राह्यलं, थांबा म्हटलं, तं म्हणे बेबी वाट पाहत असंल."

"मंग बेबीकडंच असतीन. येतीन तिच्यासंगं."

बेबीबाई दुपारी आली, नवऱ्याच्या मागं गाडीवर. उतरता उतरताच बोलली, "काय व वहिनी, दादाची तब्येत बरी नाही का? औंदा मोहगावले आलाच नाही. मी म्हटलं, पाण्यापावसात तुहं ऐकून घरीच राह्यला असंल."

आनंदाबाईच्या हातात पोह्यांची परात होती. ती तशीच उभी राहिली. पाहुणा समोर बसलेला, परात हातात, आणि तिला पुढं काय करायचं ते सुचेना. चंद्रकुमारनं देवाजीच्या साडूला फोन लावला, मावसभावाला लावला. जो तो म्हणे, आमच्याकडं नाही आले, आम्हाला वाटलं पुढं गेले. लेकीला वाटलं बहिणीकडं, बहिणीला वाटलं घरी, घरच्यांना वाटलं मंडईत. कितीतरी दिवस देवाजी प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याच्या घरी जेवत होता.

बाहेर पाळणा फिरत होता, भोंग्यावर गाणी चालली होती. ती बंद करावी की नाही, हेही कुणाला कळेना. शेवटी देवाजीचा जोडीदार नत्थू दंडारीच्या मंचावर चढला. पन्नाशीपर्यंत दोघं या मंचावर संगं नाचले होते. त्यानं माईक हातात घेतला, "ऐका गा, माहा देवाजी..." एवढं म्हणाला आणि थांबला. ज्या माणसानं रात्र रात्र शब्द पडू दिला नाही, त्याला पुढचं वाक्य सापडेना.

त्यानंतर सारं गाव शोधात लागलं. शोधायचं कुठं? तर मंडईत. मंडईला गेलेला माणूस मंडईतच सापडणार! पोलिसात तक्रार दिली, मोबाईलवर फोटो फिरवला. तो फोटो गुड्डीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. बिनफेट्याचा देवाजी त्यावरून कुणी ओळखला असता तर नवल. रोज कुठं ना कुठं मंडई, आणि रोज सावरटोल्याचे दोघं-तिघं तिथं वेशीवर उभे. दोन गाण्यांच्या मध्ये नाव पुकारलं जाई. आणि निरोपांचा तर पाऊस. म्हाताऱ्याला पवनीकडं जिलबी खाताना पाहिलं. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर पाहिलं. तुमसरच्या गाडीत बसताना पाहिलं. काठी, टोपी, धोतर! चंद्रकुमार ड्युटी सोडून धावायचा, आणि तिथं दुसराच कुणी म्हातारा निघायचा, तोही बिचारा म्हणायचा, "बस ना बाबू, च्या पिऊन जा."

आनंदाबाईला घर खायला उठलं होतं. बसली की उठे, उठली की अंगण झाडे, झाडलेलंच पुन्हा झाडे. भात चुलीवर चढवी आणि विसरून जाई. सांत्वनाला येणाऱ्या बायांचं बोलणं तर तिला सोसवेना. एक चुलत जाऊ तिच्या कपाळाकडं पाहत म्हणाली, "भावकीतले म्हणतात, पळसाच्या पानाचा पुतळा करून अग्नी देऊन टाकावा. जिवाले मोकळीक भेटते."

"कोनाच्या जिवाले व? त्याच्या का तुमच्या?"

जाऊ उठून गेली.

आणि एका सकाळी दारावरून धान कापायचं हार्वेस्टर गेलं. धडधडत, सारी गल्ली अडवून. पोरं मागं धावली. आनंदाबाई झाडू हातात घेऊन भिंतीला टेकली. त्या यंत्राच्या तोंडाशी लोखंडी दात्यांचा रूळ होता, त्यात कुठल्या तरी शेताचा चिखल आणि धानाचं तणीस अडकलेलं होतं. ते दूर जाईपर्यंत ती पाहत राहिली. मग झाडू टाकून तिनं हाक मारली, "चंदू! गाडी काढ."

"कोठी जायचं?"

"चिचगावले."

"माय, तेथी चारदा पाहून आलो ना."

"तू मान्सांत पाह्यलं. धानात पाह्यलं का? निघाले त्या दिवशी पाणी होतं. धुरे निसरडे. सारा धान लोळला. त्याच्याखाली बैल पडला तं दिसनार नाही, अन् तुहा बाप तं काडीचा मानूस! तुम्ही भोंगे लावून फिरून राह्यले, अन् तठी मशिना निघाल्या."

चंद्रकुमारनं किक मारली, पण गाडी दोनदा बंद पडली.

चिचगावच्या पुढं ती उतरली आणि पायी निघाली, नवरा जायचा त्याच वाटेनं, शेताच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं. चंद्रकुमार मागं. वाट तिला नवी होती, तरी वाटेवरच्या लोकांना आनंदाबाई नवी नव्हती. शेंगा निवडणारी एक बाई म्हणाली, "देवाजीबुवाच्या घरची का? करंज्या तुमीच करता ना? आमच्या पोराले दरसाल एक देत." पुढं एक गुराखी म्हणाला, औंदा बुवा आलेच नाहीत. आनंदाबाई मनात म्हणाली, एका थैलीतल्या करंज्या किती जणांना पुरवल्या या माणसानं! आणि बेबी दरसाल तक्रार करायची, वहिनी, दोनच धाडल्यास.

दोन्ही गावांच्या मध्ये, शेताला लागून तेजरामचं घर होतं. दारावर निळा झेंडा, ओसरीत बाबासाहेबांचा फोटो. तेजरामची बायको बायजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि ओळख सांगताच तिनं खाटेवर गोधडी अंथरली. मागोमाग तेजरामही ओसरीत आला.

"दरसाल इथं च्या पिऊनच जात. हे अन् ते मिळून साऱ्या जगाची उनीदुनी काढत. औंदा नाही आले तं मी म्हटलं, बुढ्याचे गुडघे गेले असतीन."

"मले कधी सांगितलं नाही," आनंदाबाई म्हणाली.

"सांगतीन कायले? घरी कडक च्या भेटत नाही म्हणत!"

आनंदाबाईला हसू आलं. तिनं तांब्यातलं पाणी संपवलं. मग धुऱ्यांमधल्या शेताच्या तुकड्यांकडं बोट दाखवून तेजरामला विचारलं, "भाऊ, ह्या लोळलेल्या बांध्या कोनाच्या?"

"आमच्याच. पलीकडच्या दोन चिचगाववाल्याच्या. भारी धान, उशिराचा, त्यात लोळला. उद्या हार्वेस्टर सांगितलं हाये. मंडईच्या पाहुण्यांत इकडं फिरकनंच नाही झालं. परवा घारी घिरट्या घालून राह्यल्या होत्या, मले वाटलं रानडुक्कर मेलं अस..."

कुणीच कुणाकडं पाहिलं नाही.

"मशीन नको," आनंदाबाई म्हणाली. "हातानं कापू. मी कापतो. माहे लोक येतीन. मशीन नको चालवू, भाऊ."

तेजरामनं शेताकडं पाहिलं. लोळलेला धान हातानं कापायचा म्हणजे कंबरेचा काटा ढिला. मजूर मिळत नाही म्हणून तर यंत्र सांगितलेलं. आज नाही म्हटलं तर पुन्हा कधी येईल, नेम नाही, आणि आभाळ पुन्हा भरून आलेलं. तो उंबऱ्यापाशी दोन फेऱ्या मारून आला. मग मोबाईल काढून यंत्रवाल्याला म्हणाला, "उद्या येऊ नको गा. नाही म्हंजे नाही. कारन मंग सांगतो."

चंद्रकुमारनं पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, येतो. गावाला कळवलं, आणि गाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरटोल्याची ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आली. ज्यांचा स्वतःचा धान उभा होता, तेही विळे घेऊन. चिचगावाहून गुड्डी आणि तिच्या सासरचे. मोहगावाहून बेबीबाई. नत्थूला वाकता येत नव्हतं, तो धुऱ्यावर बसून भारे बांधायला तणसाचे बंद वळत होता.

"पाह्य व वहिनी," तो म्हणाला, "जिता असता तं तेजरामले म्हणला असता, घे, तुहा धान फुकट कापून देल्ला."

"तू जिता-मेला बोलू नको अजून," आनंदाबाई म्हणाली. पण विळा तिनं हातात घेतला होता. कामाला लागण्याआधी तिनं सगळ्यांना सांगितलं, "कोनाले काही दिसलं तं बोंबलायचं नाही. मले हात लावायचा, बस."

रांग लागली. एरवी धान कापताना थट्टा चालते, गाणी चालतात. आज नुसती विळ्यांची खसखस. मूठ धरायची, आधी हातानं चाचपायचं, मग कापायचं. मूठभर जागा मोकळी झाली की श्वास सुटायचा आणि पुढच्या मुठीला पुन्हा अडकायचा. एक बांधी झाली, काही नाही. दुसरी झाली. कुणाला उंदराचं बीळ लागलं, कुणाला जुनी चप्पल, आणि ती आपलीच म्हणून एक पोरगा लाजत पुढं आला. आनंदाबाईच्या मनात दोन्ही चाललं होतं, इथं सापडू नये आणि इथंच सापडावं. वारा फिरला तशी बायांनी पदर नाकाला लावले.

ऊन कलायच्या आधी तिच्या उजव्या हाताला बायजाबाईचा विळा थांबला. बायजाबाईनं आवाज केला नाही. चिखलानं माखलेल्या हातानं तिनं आनंदाबाईचं मनगट धरलं, घट्ट. लोळलेल्या धानाखालून धुऱ्याच्या कडेला पितळेची मूठ दिसत होती. पावसानं काळवंडलेली, तरी पितळच.

एक एक करून विळे थांबले.

आनंदाबाई पुढं सरकली. तिनं धान कापला नाही, केस बाजूला सारावेत तसा हातानं सारला. पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सोडवून घेतला, पण लुगडं पुरेना, तेव्हा बायजाबाई घराकडं धावली आणि खाटेवरची कालचीच गोधडी घेऊन आली. ती दोघींनी पांघरली. गुड्डीनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता; आता रड म्हणून आनंदाबाईनं तिच्याकडं पाहून मान हलवली, आणि मग सारं शिवार रडलं.

पोलिसांना पुन्हा फोन गेला; पंचनामा होईपर्यंत हलवू नका म्हणाले. लोक विळे खाली टाकून उभे होते. आभाळ काळं होत चाललं होतं. शेवटची बांधी अर्धी उभी.

"उभे काय राह्यले?" आनंदाबाई म्हणाली. "कापा. पानी आलं तं ह्या मान्साचा धान जाईन."

"राहू दे व माय," तेजराम म्हणाला.

"राहू कशाले दे? ह्यांच्यापायी मशीन वापस केली तू."

आधी कुणी हललं नाही. मग नत्थूच धुऱ्यावरून खाली उतरला, गुडघे मोडत, आणि कुणाचा तरी विळा त्यानं उचलला. मग बाकीचे वाकले.

बेबीबाई वहिनीच्या खांद्याला धरून म्हणाली, "चाल, घराच्या सावलीत बस. पोलीस येतीन तवा येऊ."

"तू जा. मी बसतो इथं."

"इथं चिखलात?"

आनंदाबाई धुऱ्यावर टेकली. थैली तिला सापडली होती. ती तिनं उघडली नाही, नुसती मांडीवर घेतली.

"लई दिवस एकटा राह्यला व बेबी," ती म्हणाली. "पाहुण्याले एकटं बसवत नाही."