थोरलीचा पडदा

थोरलीला तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं तिला स्वतःलाही आठवत नाही. बहिणींत पहिली म्हणून बाप थोरली म्हणायचा, बहिणींनी तेच उचललं आणि लग्नानंतर नवऱ्यानंही तीच री ओढली. "ही आपल्याकडची एकुलती एक सून. कुणापेक्षा थोरली म्हणायची हिला?" असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. "तुझ्यापेक्षा तर नक्कीच नाही," असं लेकानं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

बाप विणकर होता. जाड चादरी, पलंगपोस, बसायच्या पट्ट्या असं काय काय विणायचा. पुढं गुडघे गेले, मागाखालच्या फळ्या पायांनी दाबणं होईना. माग मोडून लाकूड देऊन टाकू, असं तो एका सकाळी म्हणाला. पाय फळ्यांना पोचायला लागल्यापासून थोरली त्या मागावर बसत आली होती. ती म्हणाली, "मागाला कुणी हात लावायचा नाही. मी बसते." आणि बसली. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, थोरली विणत राहिली. विणलेला माल गठ्ठा बांधून ती बसनं बाजारात न्यायची.

त्या बसचा ड्रायव्हर तिच्यासाठी गाडी थांबवून धरायचा. वळणावर आधी गठ्ठा दिसायचा, मग त्याच्यामागून थोरली. उतारू कुरकुरायचे, तर हा मान न वळवता सांगायचा, "थांबा जरा, गठ्ठा येतोय." एके दिवशी शेवटच्या थांब्यावर तो खाली उतरला, गठ्ठा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि चार पावलं गेल्यावर म्हणाला, "लग्नाचं विचारायचं होतं."

"कुणाच्या?"

"माझ्या. म्हणजे... आपल्या."

थोरलीनं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मग विचारलं, "माझ्याबरोबर माग येईल. घरात जागा आहे का?"

"मागाला होईल," तो म्हणाला. "माणसांचं बघू."

माग दारातून आत जाईना. शेवटी चौकट काढावी लागली. चौकटीच्या कडेची भिंतही थोडी ढासळली. "सुना उंबरा ओलांडून येतात," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमची भिंत पाडून आली." पुढच्या मोठ्या खोलीत माग बसला आणि खोली संपली. पाहुणा आला तर त्याला मागाच्याच बाकावर बसवावं लागे. सुरुवातीला सासूबाईंना ती खटखट सोसायची नाही. दुपारी डोळा लागला की नेमका आडव्या धाग्याचा धोटा पळायला लागतो, अशी त्यांची तक्रार. त्या कानांत कापूस घालायच्या आणि कापूस घातला आहे हे सगळ्यांना दिसेल अशा बसायच्या.

थोरलीला लेक झाली तेव्हा माग पहिल्यांदा गप्प झाला. घर शांत. आता आईला सुखाची झोप लागेल, असं नवऱ्याला वाटलं. पण दोन-चार दिवसांतच सासूबाई सुनेच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बाळाकडं बघत राहिल्या आणि मग दुसरीकडं तोंड करून म्हणाल्या, "जरा बरं वाटायला लागलं की वीतभर तरी विण गं. दुपारचा डोळा लागत नाही मेला."

त्या दिवसापासून सासूबाई मागाच्या बाजूनं झाल्या. त्यांची नजर पुढं अधू होत गेली, पण बोटं तल्लख. विणलेलं कापड मागावरून उतरलं की थोरली ते त्यांच्या मांडीवर ठेवायची. त्या इंच इंच चाचपायच्या आणि कुठं धागा सुटला असेल, कुठं गाठ राहिली असेल तिथं बोट रोवून म्हणायच्या, "हे बघ, इथं तुझं लक्ष नव्हतं." बहुतेक वेळा ते खरं असायचं.

लेकीचं नाव चिमणी पडलं, कारण ती दिवसभर मागाच्या दांड्यांवर बसलेली असायची. मागाला धरून उभी राहायला शिकली, मागाखाली अभ्यास केला. विणायचं मात्र तिच्या हातात नव्हतं. धोटा दिला की धागा तुटायचा. तिचं मन उजेडात. कापड उन्हात धरलं की एक रंग, सावलीत धरलं की दुसरा, हे तिला कळायला लागलं आणि ती त्यातच रमली. मोठी होऊन ती गावातल्या नाट्यगृहात दिवे लावायच्या कामाला लागली. "बाप गाडी चालवतो, आई माग चालवते, ही दिवे चालवते," असं सासूबाई सांगायच्या, आणि सांगताना मान ताठ असायची.

नाट्यगृहाचा पडदा म्हातारा झाला होता. एका प्रयोगाला तो वर जाता जाता मधोमध टरकला आणि आतले राजा-राणी, राजाच्या हातातल्या चहाच्या पेल्यासकट, वेळेआधीच सगळ्यांना दिसले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं माणसं जमवली. पडदा बाहेरून तयार मागवायचा, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात मागं उभी असलेली चिमणी बोलून गेली, "माझी आई विणेल."

घरी आली ती पडेल चेहऱ्यानं.

"आई, मी एक बोलून बसलेय."

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. "विचारायचं तरी, बये," एवढंच म्हणाली. मग हातातलं काम बाजूला ठेवून उठली. "रंगमंच किती रुंद आहे गं?"

मॅनेजर स्वतः घरी आला. सभ्य माणूस, पण शंकेखोर. मागाच्या बाकावर बसून त्यानं मागाच्या रुंदीवर हात फिरवला. "बाई, राग मानू नका. पण एवढ्या अरुंद मागावर तेवढा पडदा?"

"पट्ट्या विणीन आणि जोडीन. माग अरुंद आहे, मी नाही."

सासूबाई पलंगावरून खुदकन हसल्या. मॅनेजरही हसला आणि काम ठरलं, पडदा लावायचा दिवसही ठरला.

रंग ठरला डाळिंबी. उभा धागा काळा सुती, आडवा लोकरीचा. लोकर रंगवायला ओळखीच्या रंगारीकाकांकडं दिली. ड्रायव्हर आता निवृत्त झाला होता. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, म्हणून धोट्यातल्या कांड्यांवर लोकर भरायचं काम त्यानं आपणहून घेतलं. पहिल्या कांड्या अशा ढिल्या भरल्या की धोट्यातून लोकर सुटून नुसते गुंतवळे. "अहो, हे काय, गाडीचं चाक गुंडाळताय का?" थोरली म्हणाली. हळूहळू त्याचा हात बसला.

दोन पट्ट्या झाल्या, तिसरी उतरली. तिन्ही शेजारी शेजारी कशा दिसतात ते बघावं म्हणून थोरलीनं त्या माडीच्या कठड्यावरून रस्त्याकडं सोडल्या आणि खाली जाऊन पाहिलं. येणारेजाणारे थांबले. कुणी म्हणालं, वा!  थोरलीला मात्र तिसरी पट्टी वेगळी दिसली. डाळिंबी नव्हे, जांभळाकडं झुकलेली.

रंगारीकाकांना निरोप गेला. ते आले ते हात गळ्यात बांधून. पहिल्या खेपेची लोकर त्यांनी स्वतः रंगवली होती. मग घसरून पडून हात मोडला आणि उरलेली जावयानं रंगवली. काकांनी पट्टी उन्हात धरली. "हा माझा हात नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की थोरलीनं आधी त्यांनाच पाणी आणून दिलं.

"आई, माझ्या दिव्यांत कळणारसुद्धा नाही," चिमणी म्हणाली. "मी सांभाळून घेईन."

"लोकांना नाही कळणार. पण मी खाली बसलेली असेन ना, मला कळेल."

नवी लोकर मिळण्यासारखी नव्हती. होती ती अशी, अर्धी डाळिंबी, अर्धी काळपट जांभळी. थोरली त्या दिवशी मागावर बसलीच नाही. दोन्ही लोकरींच्या लडी समोर टाकून नुसती बघत राहिली. एक काळपट धागा, एक डाळिंबी, असे आलटून पालटून बोटांवर गुंडाळायची, उलगडायची. दुसऱ्या दिवशी तिनं वीतभर तुकडा विणला. खाली सगळा काळपट. मग त्यात अधूनमधून एखादा डाळिंबी धागा. वर सरकेल तसे डाळिंबी जास्त, काळपट कमी. सगळ्यात वर निव्वळ डाळिंबी. कुठं एक रंग संपला आणि कुठं दुसरा लागला, ते बोट ठेवून सांगता येईना.

पण त्यासाठी विणून झालेल्या पट्ट्या उसवाव्या लागणार होत्या.  थोरलीनं कात्री घेतली आणि थांबली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "आण इकडं टोक. मी गुंडे करते. तू बघू नकोस." सगळं घर उसवायला बसलं. खोलीत लोकरीचे गुंडे इतके झाले की चालताना पायात यायचे.

आता वेळेत पडदा होणार नव्हता. थोरली तुकडा घेऊन नाट्यगृहात गेली.

"साहेब, ठरल्या दिवशी पडदा होत नाही."

"अहो बाई, बोलावणी गेलीत!"

"मग तो खेळ पडद्याशिवाय करा. काहीतरी टांगायचं म्हणून मी टांगणार नाही." आणि तिनं तुकडा त्याच्या टेबलावर पसरला.

मॅनेजरनं तो खालून वर पाहिला, मग खिडकीशी नेऊन परत पाहिला. "हे पडद्यावर असंच दिसणार? खालून वर उजाडत जाणार?"

"असंच."

त्यानं तुकड्याची घडी करून तिच्या हातात दिली. "तुम्ही विणा," म्हणाला. "बोलावण्यांचं मी बघतो."

प्रत्येक पट्टीत रंग एकाच उंचीला बदलायला हवा, नाहीतर जोडताना पायऱ्या दिसल्या असत्या. थोरलीनं एक लांब दोरी घेऊन रंग बदलायच्या प्रत्येक जागी गाठ मारली आणि दोरी मागाच्या कडेला बांधली. नवऱ्यानं त्या गाठी पाहिल्या आणि त्याचे डोळे चमकले. "हे तर थांबे झाले!" त्यानं आपल्या जुन्या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं गाठींना देऊन टाकली. मग कांड्या भरता भरता तो दोरीवर लक्ष ठेवायचा आणि ओरडायचा, "पाण्याची टाकी आली! डाळिंबी उतारू दोन वाढवा!" थोरली हसून धोटा बदलायची. शेजारच्या बायका विचारायला यायच्या, "कुठवर आलं?" आणि सासूबाई आतूनच सांगायच्या, "इस्पितळ गेलं, आता बाजार येईल." त्या दिवसांत थोरलीचे खांदे भरून यायचे, पाय सुजायचे, पण चेहऱ्यावर असं काही तेज असायचं की ड्रायव्हर कांडी भरायचं विसरून तिच्याकडं बघत राहायचा आणि बोलणी खायचा.

पट्ट्या जोडायला घरात जागा कुठली? नाट्यगृहाच्या रंगमंचावरच त्या पसरल्या. थोरली, चिमणी, शेजारणी सगळ्या रांगेनं बसल्या आणि हातानं टाके घातले. सासूबाईंना खुर्चीवर बसवून नेलं होतं. एकेक शिवण त्यांच्या बोटांखालून गेली. शेवटच्या शिवणीच्या टोकाशी पोचून त्यांनी बोटं परत सुरुवातीला नेली. थोरली वाट बघत होती.

"काय झालं, आई? कुठं चुकलं?"

"कुठंच नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर परत एकदा बघते."

नव्या पडद्याच्या पहिल्या प्रयोगाला सगळे पुढच्या रांगेत होते. चिमणी मात्र वर, दिव्यांपाशी. घंटा झाली, प्रेक्षागृहातले दिवे गेले. पडदा वर जायला हवा होता. गेला नाही. अंधारात लोक चुळबुळायला लागले. तेवढ्यात पडद्याच्या पायाशी एक मंद उजेड आला. काळपट जांभळा रंग दिसला. उजेड सावकाश वर चढला, आणि त्याच्याबरोबर रंग उजळत गेला. सगळ्यात वर पोचला तेव्हा डाळिंबी रंग असा फुलला की मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतलेला ऐकू आला. चिमणीनं तो उजेड तसाच धरून ठेवला. आणि लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रंगमंचावर नट नाही, वाक्य नाही, नुसत्या कापडाला.

सासूबाईंनी मुलाला कोपरानं ढोसलं. "संपलं नाटक?"

"नाही गं, अजून सुरू व्हायचंय."

"मग टाळ्या कुणाला?"

"तुझ्या सुनेला."

"अस्सं," म्हणून सासूबाईंनीही टाळ्या वाजवायला घेतल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही त्या वाजवत राहिल्या. थोरलीनं मान वळवून मागं, वरच्या दिव्यांकडं पाहिलं. तिथं अंधार होता, पण लेक तिथं आहे एवढं तिला पुरेसं होतं. पडदा वर जायला लागला तेव्हा सगळे रंगमंचाकडं बघत होते. ती एकटी मान उचलून पडद्याच्या काठाबरोबर वर वर बघत गेली. नाटकाचं पहिलं वाक्य तिच्या कानांवरच पडलं नाही.

पुढं मॅनेजर घरी आला, तोंडभर हसत. रंगमंचाशेजारी पाटी लावायची म्हणत होता, पडदा कुणी विणला ते लिहून.

"पाटी लावाच," थोरली म्हणाली. "पण नावाचं जाऊ दे. तुमच्या लोकांना जाता-येता पडद्याला हात पुसायची खोड आहे. मी परवा कडेला तोंडाच्या रंगाचं बोट उमटलेलं पाहिलं. तेवढं बंद करा असं लिहा."

मॅनेजरनं ऐकलं. आता रंगमंचाच्या कडेला ठळक अक्षरांत पाटी आहे: पडद्याला हात पुसू नयेत. नवे नट ती वाचून हसतात. निवृत्त ड्रायव्हर नाटकाला गेला की आत एक चक्कर मारतोच, आणि त्या हसणाऱ्यांना थांबवून सांगतो, "हसू नका. हे माझ्या बायकोनं लिहवून घेतलंय. आणि आधी हात दाखवा बघू."