आक्का आणि गुलाबी पट्टा

यंत्रावर चिडणारी माणसं घरोघरी असतात. मिक्सरला शिव्या देणारी, टीव्हीच्या पाठीत धपाटा घालणारी, रागाच्या भरात मोबाइल आपटायचा तोही नेम धरून गादीवरच आपटणारी. पण यंत्राला समोर ठेवून, शांतपणे चष्मा पुसून, "तुला हे कुणी शिकवलं?" असं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिच्यासारखी दुसरी होणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. झालीच, तर कुठलंही विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही, एवढंही आता मला कळलं आहे.

आक्का आमच्या लॅबच्या प्रमुख होत्या. लॅब म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आठवतात. आमच्याकडे एक कुरकुरणारा प्रिंटर आणि गरजेपेक्षा जास्त खुर्च्या होत्या. निगडीच्या पुढे एका खासगी विद्यापीठाच्या वरच्या मजल्यावर, जिथे इतर कुठल्याच विभागाला जायचं नव्हतं तिथे, आम्हाला जागा मिळाली होती. यंत्रं कोण बनवतं, कुणाला विचारून बनवतं आणि ती बायकांच्या जिवावर कशी उठतात, याचा आम्ही अभ्यास करायचो. पाटीवर 'स्त्रीवादी' आणि 'चिकित्सक' हे दोन्ही शब्द होते. त्यांतल्या एका शब्दाने पाहुणे बिचकत, दुसऱ्याने विद्यार्थी. कॅम्पसमध्ये आम्हाला सरळ 'बायकांची लॅब' म्हणत, आणि आमच्यात चार पुरुष होते तेही त्या नावाला सरावले होते.

आक्का मोशीच्या. जुन्या शेतकरी घरातल्या. वडिलांच्या उसाच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि भाऊ प्लॉटच्या धंद्यात आहेत. आक्का इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या, बरीच वर्षं परदेशात राहिल्या आणि केस पांढरे झाल्यावर परत आल्या. रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "इथे मॅडम कुणी नाही." मग त्यांना काय म्हणायचं यावर आठवडाभर चर्चा चालली. नुसत्या नावाने हाक मारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी त्यांच्याच गावचे एक शिपाईमामा दारातून "आक्का, पाण्याची बाटली कुठं ठिवू?" म्हणून गेले आणि आम्ही सगळ्यांनी थकून तेच नाव एकमताने मंजूर केलं.

त्यांचं मराठी दोन मजली होतं. वरच्या मजल्यावर पुण्याचं, परिषदेत वाचण्याजोगं. राग आला की त्या तडक तळमजल्यावर उतरत, आणि तिथे 'व्हय' आणि 'न्हाई' दारातच बसलेले असत. एकदा परदेशातून एक मोठे प्राध्यापक आले होते. इंग्रजीत तासभर शांतपणे वाद घातल्यावर त्यांनी आक्कांचा एक मुद्दा हसून उडवून लावला. आक्का म्हणाल्या, "न्हाई वो, आमी येडं न्हाई." आणि पुन्हा इंग्रजीत पुढचं वाक्य. प्राध्यापकांना वाटलं हे एखादं संस्कृत वचन असावं. त्यांनी आदराने मान लवली.

लिफ्टशी त्यांचं वैर होतं. लिफ्टमधली बाई गोड आवाजात "कृपया दरवाजा बंद करा" म्हणाली की आक्का तिला म्हणायच्या, "बाई गं, दिवसभर तुलाच बोलायला लावतात का?" मग बरोबर चढलेल्या माणसाकडे वळून, "हुकूम सोडायचा असला की पुरुषाचा आवाज, आणि विनवायचं असलं की बाईचा. कधी विचार केलाय?" तो माणूस बहुधा अकाउंट्समधला असे. तो पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने जाई.

टेबलाचं प्रकरण तर सगळ्या विद्यापीठाला पाठ होतं. चौकोनी टेबलाला डोकं असतं, आणि डोक्याशी नेहमी साहेब बसतो, म्हणून लॅबला गोल टेबल हवं, असा आक्कांचा आग्रह. खरेदी विभागाने गोल टेबल यादीत नाही म्हणून कळवलं. आक्कांनी मोशीच्या सुताराकडून स्वतः करून घेतलं. सुंदर, सागवानी, आणि आमच्या दारापेक्षा हातभर रुंद. ते आत गेलंच नाही. मग आमच्या सगळ्या बैठका व्हरांड्यात होऊ लागल्या. शेजारच्या मॅनेजमेंट विभागाची मुलं जाता-येता आमचे सिद्धान्त ओलांडून जात. आक्का खूश. म्हणायच्या, "बघा, ज्ञान चार भिंतींतून बाहेर आलं." पावसाळ्यात ज्ञान भिजायचं, ते वेगळं.

चहा पाळीपाळीने करायचा, पाहुणा असो की प्रमुख. एकदा डीनसर काही सह्यांसाठी आले आणि नेमकी त्या दिवशी पाळी कुणाचीच नव्हती. आक्कांनी त्यांच्या हातात पातेलं दिलं. सरांनी केलेला चहा पाण्याला चहाची नुसती बातमी कळल्यासारखा होता. आक्कांनी आम्हा सगळ्यांना तो पूर्ण प्यायला लावला आणि सरांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी आलं घाला." सर हसले. मात्र पुढच्या वेळी ते आले नाहीत, आम्हालाच खाली बोलावू लागले.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. रविवारी चाकणच्या कारखान्यांतल्या कंत्राटी बायका यायच्या. व्हरांड्यात सतरंज्या पडत, डबे उघडत, आणि कंपनीने नवीन काय बसवलंय याच्या गप्पा चालत. त्यांतली सुनंदा मला विशेष आठवते. लातूरकडची, तिशीतली, वायरिंगच्या लाइनवर काम करणारी. तिचं हसू इतकं मोठं की खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर येऊन बघायचा.

मग गुलाबी पट्टा आला. चाकणच्या एका कंपनीने लाइनवरच्या बायकांच्या मनगटाला बांधायला एक पट्टा आणला होता. बाई जागेवरून उठली की त्याला कळायचं, आणि ठरलेल्या वेळेत परत आली नाही की तो थरथरायचा. सुपरवायझरच्या पडद्यावर तिचं नाव लाल व्हायचं. पट्टा 'स्त्री-स्नेही' आहे असं आमच्या लॅबने लिहून द्यावं, अशी कंपनीची इच्छा होती. त्याच कंपनीच्या मदतीने विद्यापीठाची नवी इमारत उठणार होती. पट्टा स्त्री-स्नेही कसा, तर रंग गुलाबी आणि मधोमध एक फूल. आक्कांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि त्याला विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढचे कित्येक रविवार आक्का त्या बायकांशी बोलत होत्या. गोष्ट साधी आणि भयंकर होती. पट्टा थरथरू नये म्हणून बायकांनी बाथरूमला जाणं सोडलं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडलं. सुनंदा एका दुपारी लाइनवरच कोसळली. मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात आक्का आणि मी तिला भेटायला गेलो, तेव्हा ती तेच मोठं हसू आणायचा प्रयत्न करत म्हणाली, "आक्का, तापात बी मनगट थरथरल्यावानी वाटतंय बघा. पट्टा तर काढून ठिवलाय." आक्कांनी तिचं पांघरूण सारखं केलं. रिक्षात मात्र तळमजल्यावर उतरल्या आणि निगडीपर्यंत तिथून वर आल्याच नाहीत. त्यातलं फारसं इथे लिहिण्याजोगं नाही.

त्यांनी अहवाल लिहिला. त्यात एकही जड शब्द नव्हता. पट्टा काढा, एवढंच त्याचं सार. तो छापू नये असं वरून आलं. मग पट्ट्याचा उल्लेख गाळून छापावा असं आलं. मग 'काही सूचना' असं शीर्षक द्यावं असं आलं. आक्का प्रत्येक वेळी "न्हाई" म्हणाल्या. अहवाल त्यांनी बायकांना वाचून दाखवला आणि एका वार्ताहरालाही दिला.

त्यांना काढायला कुणी पोलीस बोलावले नाहीत की आरडाओरड केली नाही. डीनसरांनी आमच्याच लॅबला सांगितलं, तुमच्या पद्धतीने मार्ग काढा. आणि आम्ही आमच्या पद्धतीने काढला. त्याच गोल टेबलाभोवती सगळे बसले. केतकी बोलायला लागली. केतकी आक्कांची लाडकी विद्यार्थिनी. तिचा प्रबंध त्यांनी ओळ न् ओळ तपासला होता, तिच्या बाळंतपणात डबे नेले होते. ती मऊ आवाजात म्हणाली, "आक्का, ही चौकशी नाही. हा ऐकून घेण्याचा अवकाश आहे. तुमच्या थकव्याची आम्हाला काळजी वाटते. विश्रांती घेणं हासुद्धा एक प्रतिकार आहे, असं तुम्हीच सांगता ना?" मग एकेकाने आपल्याला काय वाटतं ते सांगितलं. कुणाला लॅब टिकण्याची काळजी वाटत होती, कुणाला आक्कांच्या रक्तदाबाची. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "अहवालातला शब्द न् शब्द खरा आहे. सुनंदाला मी पाहून आले आहे. आपण सगळ्यांनी त्यावर सह्या करू या." केतकीने डोळे मिटून मान हलवली. "तुझी भावना आम्ही ऐकली," ती म्हणाली. "आभार." आणि शेजारच्या मुलाकडे वळली.

आक्कांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. कुणालाही मध्ये तोडलं नाही. शेवटी चष्मा नाकावर चढवून एवढंच म्हणाल्या, "म्या शिकिवल्यालं समदं ध्यानात हाय की तुमच्या. शब्द न् शब्द."

त्या विश्रांतीवर गेल्या, म्हणजे गेल्याच. केतकी प्रमुख झाली. टेबल गोदामात गेलं. पाटीवरून दोन्ही अवघड शब्द उतरले आणि 'नवोन्मेष' हा कुणालाच न बिचकवणारा शब्द चढला. माझ्या कंत्राटाची मुदत संपली तेव्हा ती वाढवायचं कुणाला सुचलं नाही. निरोपाला मला एक रोपटं दिलं आणि सगळ्यांनी आळीपाळीने माझ्याबद्दल चांगलं बोलून दाखवलं. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात गुलाबी पट्टे बांधले होते म्हणे, शोभेचे. कुणी फार वेळ बाथरूमला गेलं का, ते मात्र कळलं नाही.

मध्यंतरी मी मोशीला आक्कांकडे गेले. भावाने बांधलेल्या इमारतीत एक फ्लॅट त्यांच्या वाटणीचा आहे. दार उघडताच "जेवून जायचं" म्हणाल्या. पिठलं त्यांनी केलं, भाकऱ्या मी थापल्या, आणि माझ्या भाकरीचा आकार बघून त्यांनी जगातल्या सगळ्या देशांची नावं घेतली. वाटलं, आहेत तशाच आहेत. मग त्यांचा फोन वाजला. सुनंदा होती. जुन्या कंत्राटदाराने तिला परत घेतलंच नव्हतं, म्हणून ती चाकणच्याही पुढे, आणखी आत, दुसऱ्या कंपनीत लागली होती. आक्कांनी फोन स्पीकरवर टाकला. "आक्का, हिथं बी त्योच पट्टा हाय बघा," ती म्हणाली. "निस्ता रंग बदललाय. निळा केलाय. बाप्यांना बी बांधत्यात आता." आणि हसली, पण ते हसू फोनच्या बाहेर येईल एवढं मोठं नव्हतं.

आक्का तिच्याशी बराच वेळ बोलल्या. डॉक्टरला कधी दाखवलं, गोळ्या चालू आहेत का, मुलगी कितवीत गेली. फोन ठेवला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. बाहेर कुठेतरी नव्या इमारतीचा पाया ठोकणारं पायलिंगचं यंत्र धबधब करत होतं. मला वाटलं, आता त्या त्यालाही काही तरी विचारतील. त्यांनी नुसती खिडकी लोटून घेतली.

"हरलो गं आपण," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांना काही तरी सुचल्यासारखं झालं. त्या सरसावून बसल्या, बोट उचललं, जसं त्या पूर्वी लांब वादाच्या सुरुवातीला उचलत. "पण एक सांगते," त्या म्हणाल्या, "त्या वेळी आपण जर…"

मी वाट पाहिली. बोट हळूहळू मांडीवर उतरलं. डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं होतं. ज्या बाईने माझ्या देखत एकही वाक्य कधी अर्धं सोडलं नव्हतं, ती वाक्याच्या मध्येच झोपून गेली होती. माझी बस सुटायची वेळ झाली होती. मी त्यांचा चष्मा अलगद काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा समोर बसले. जाग आल्यावर वाक्य पुरं करायला समोर कुणीतरी असलं पाहिजे, असं वाटलं.