आमच्या शिबिराचं गाव

विश्रामबागच्या टपरीवर आम्ही भेटलो, की परीक्षा-प्रोजेक्ट बाजूला राहतात आणि विषय निघतो शिबिराचा. एका आठवड्यात इतके किस्से कसे जमले कळत नाही. बरं, दर वेळी कुणाला तरी नवीनच एखादा आठवतो.

कॉलेजतर्फे आम्ही शिराळ्याजवळच्या एका लहान गावात गेलो होतो. मुक्काम शाळेत, काम ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा बंधारा घालायचं.

पहिल्याच सकाळी स्नेहलला व्हरांड्यात धामण दिसली. ती किंचाळली आणि आम्ही सगळे बाकांवर चढलो. शेजारच्या काकू आल्या, धामण कुंपणात शिरेपर्यंत शांतपणे बघत राहिल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "ती हितलीच हाय. पावनं तुमी."

•

अक्षय सांगलीचा, फ्लॅटमध्ये वाढलेला. कुदळ कधी धरलेली नाही, पण उत्साह लय! माती काढता काढता त्यानं गावाची पाण्याची पाइपच फोडली. आमच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडमच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

पाइप दुरुस्त होईपर्यंत आम्ही विहिरीवरून घरोघरी पाणी पोचवलं. प्रत्येक दारात नाव-गाव विचारलं जायचं, चहा व्हायचा, कुठं भाकरीही. तोवर बंधाऱ्याकडे गावातलं कुणी फिरकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव खोरी-पाट्या घेऊन हजर.

सरपंचबाई मॅडमना म्हणाल्या, "पाइप फुटली ते बरंच झालं. न्हाईतर ही पोरं कोन, कुनाला कळलं असतं?"

•

व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात दारुड्या झाला तोही अक्षयच. काम इतकं झकास केलं, की फौजेतून रिटायर झालेले सुभेदारमामा गर्दीतून तरातरा आले आणि त्याची कॉलर धरून त्याला देवळात घेऊन गेले. दारू सोडल्याची शपथ घे म्हणाले.

"मामा, मी पीत नाही हो."

"सगळी असंच म्हनत्यात."

शपथ घेऊनच सुटका झाली. अजून मामांचा अधूनमधून फोन येतो. अक्षय निमूटपणे सांगतो, "होय मामा, बंद आहे."

•

संध्याकाळी मी बायकांना लिहा-वाचायला शिकवायचे. शिबिर संपल्यावरही रविवारी जात राहिले, ते हौसाक्कांमुळे. साठीच्या पुढच्या, शाळेत कधीच न गेलेल्या. मी 'क', 'म', 'न' अशी सोपी अक्षरं काढली होती. त्या म्हणाल्या, "पोरी, मला आदी ज्ञानेश्वरातला 'ज्ञ' शिकव."

तो अवघड आहे, नंतर घेऊ, असं मी खूपदा सांगितलं. ऐकेनात. पाटी भरभरून 'ज्ञ' गिरवायच्या. मग 'ज्ञ'ला काना, मग 'नू'. एका रविवारी कुणाचीही मदत न घेता त्यांनी लिहिलं : ज्ञानू. ते त्यांच्या नवऱ्याचं नाव. लग्न झाल्यापासून त्यांनी ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं.

ज्ञानूआप्पा त्यांना न्यायला येऊन दाराशीच थांबले होते. अक्कांनी पाटी त्यांच्यापुढे धरली. आप्पांनी ती हातात घेतली, उजेडाकडे नेली, बराच वेळ निरखली.

"काय लिवलंय ह्ये?"

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. मला त्यांनी मानेनंच 'सांगू नको' म्हटलं. मग पदर सारखा केला आणि आप्पांना म्हणाल्या,

"पुढल्या रविवारपास्नं तुमीबी येत जावा वर्गाला."