रांगेतली सगळ्यात दांडगी

लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, अजून चार वाक्यं नीट जुळत नाहीत. पण लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाची एक मासेवाली मनातून जात नाही.

दुष्काळात तळी आटली होती. ती नांदेडहून एसटीनं गोदावरीचे मासे आणायची. प्रॅक्टिकलसाठी मी कल्ले शाबूत असलेला मासा मागायचो, म्हणून ती मला "डॉक्टर" म्हणायची. तोंडी परीक्षेच्या भीतीनं मी धडा तिलाच म्हणून दाखवत असे.

"मावशी, समुद्रातल्या प्रवाळात काही मासे असतात. कळपातला मोठा नर मेला, की सगळ्यात मोठी मादी हळूहळू नर होते."

तिची सुरी थांबली. नवरा वारून वर्ष झालं होतं, आणि नव्या बाजारातला ओटा फक्त कर्त्या पुरुषाच्या नावावर मिळणार होता. तिनं शेजारणींवरून नजर फिरवली.

"ह्या रांगेत सगळ्यात दांडगी मीच हाय. किती दिवस लागतात?"

"काही आठवडे."

"लई झाले. एका कागदानं तालुक्याचा जिल्हा झाला की."

दुसऱ्या दिवशी ती टोपलीसकट कचेरीत गेली. माझ्या परीक्षेत मात्र बेडूक विचारला.

सुट्टीत गावी मित्राचं पत्र आलं. तिला ओटा मिळाला होता. छापील अर्ज बदलायची कारकुनाला परवानगी नव्हती. त्यानं 'कर्त्या पुरुषाचं नाव' ह्या रकान्यात तिचंच नाव लिहिलं, आणि पुढं 'अर्जदाराशी नातं' इथं लिहिलं, 'स्वतः'.