तिसऱ्या दिवसाची फेरी

उजागरे सरांना कॉलेजात कुणी घाबरत नसे, ही त्यांची कायमची तक्रार होती. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तरी मुलं त्यांच्यासमोर बिनधास्त जांभया देत. राहुरीकडचा हा माणूस, सर्जेराव उजागरे, लग्नानंतर बायकोला घेऊन जयपूरला आला तो दोन वर्षं नोकरी करून परत जायच्या बोलीवर. मग बायको, म्हणजे रत्नप्रभाबाई, त्याच मिशनच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्या आणि परत जायचं राहूनच गेलं. मुलगी इथंच जन्मली, हिंदीत भांडायला शिकली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. उलटा प्रवास घडला तो एवढाच.

बाईंना मात्र सगळे घाबरत. सरसुद्धा.

त्या कॉलेजात सकाळी आठला प्रार्थना होई आणि मग वर्गशिक्षक हजेरी घेत. नंबरानं नाही, नावानं. गैरहजर मुलांची यादी साडेनऊला स्टाफरूमच्या फळ्यावर लागे. कुण्या जुन्या प्राचार्यांनी पद्धत घालून दिली होती, की सलग तीन दिवस ज्याचं नाव यादीत असेल, त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिक्षकानं जायचं. ते प्राचार्य गेले, त्यांच्यामागून तीन-चार आले-गेले, आणि बाकीचे शिक्षक ही फेरी फोनवर उरकायला लागले. या जोडप्यानं ती सोडली नाही. स्कूटरवर सर पुढं, बाई मागं, आणि बाईंच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, हा बाईंचा नियम. एका मुलीचं लग्न त्यांनी तिच्या आजोबांसमोर बसून नुसता चहा पीत पीत दोन वर्षं पुढं ढकललं होतं. शहरातल्या सोडाला भागातला एक मुलगा पाय मोडून पडला होता, त्याला बाईंनी महिनाभर घरी जाऊन शिकवलं. तो आज बँकेत आहे आणि बाईंना पाहिलं की अजून उभा राहतो.

सुखदेव दुसऱ्या वर्षाला होता. बाप जयपूरबाहेर दौशाकडं गवंडीकाम करायचा. हा शहराच्या दुसऱ्या टोकाला मुरलीपुऱ्यात गच्चीवरच्या एका खोलीत एकटा राहायचा आणि संध्याकाळी लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंग मारायला जायचा. त्याच्या नखांतला करडा रंग कधी गेला नाही. सकाळी वर्गात पेंगायचा, पण नकाशा काढायला बसला की त्याच्यासारखा हात नाही. सरांचा जीव होता त्याच्यावर. हजेरी मात्र जेमतेम. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि हा अगदी काठावर आलेला.

दिवाळीच्या आधी दोन आठवडे, सोमवारी, प्रार्थना संपल्यावर तो सरांना जिन्यात गाठून म्हणाला, "सर, कारखान्यात मोठी ऑर्डर है. उद्यापासून तीन दिवस दिवसाची पाळी. हाजिरी..." सरांबरोबर राहून तो असलं मोडकंतोडकं मराठी बोलायला शिकला होता, आणि सर त्यालाच विरघळायचे.

"बघतो," सर म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटी हजेरी लावली नव्हती. मंगळवारी सकाळी नाव पुकारलं, 'सुखदेव', क्षणभर थांबले, सवयीनं वर पाहिलं आणि हजर लिहिलं. बुधवारी, गुरुवारीही लिहिलं. पाप केल्यासारखं वाटायच्या ऐवजी त्यांना जरा बरंच वाटलं, हे नंतर त्यांना जास्त छळत राहिलं.

गुरुवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी बाईंनी चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, आज यादीत कुण्णी नाही. कधी नव्हे ते. पाय लांब करून बसा."

सरांच्या मनात सुखदेव होताच. एकदा तोंड दाखवून यावं, काम कसं चाललंय विचारावं. त्यांनी नुसतं चाचपून पाहिलं. "मुरलीपुऱ्याला एक चक्कर टाकावी म्हणतो."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. सहज."

"सहज? मालवीय नगरातून मुरलीपुऱ्याला, या दिवाळीच्या गर्दीत?" बाई हसल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

खरं कारण सांगायचं तर खोटी हजेरीही सांगावी लागणार होती. सर चहा प्यायले आणि पाय लांब करून बसले. शुक्रवारी पोरगा आला नाही, तेव्हा ऑर्डर लांबली असेल असं धरून त्यांनी पुन्हा हजर लिहिलं. दुपारी फोन लावला. बंद होता. कारखान्याच्या खडखडाटात फोन कोण बघतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि माणूस स्वतःचं किती चटकन ऐकतो!

शनिवारी सकाळी घरमालक टाकी बघायला गच्चीवर गेला आणि त्याला वास आला.

डेंग्यू होता. मंगळवारी रात्री कारखान्यातून आला तोच तापानं फणफणून. बुधवारी कामावर गेला नाही, तर कारखान्याच्या मालकाला वाटलं कॉलेजात असेल. कॉलेजात तर तो रोज हजर होता. यादीत त्याचं नाव कुठून येणार?

सरांनी खोट्या हजेरीचं कुणाला सांगितलं नाही. बाईंनासुद्धा नाही. बाई दोन दिवस रडल्या, "आपल्या वर्गातलं पोर, आणि आपल्याला पत्ता नाही" म्हणून. सर त्यांच्याशेजारी बसून राहिले. जेवण जात नव्हतं. हजेरीपट कपाटात ठेवून किल्ली खिशात घालून ते हिंडत होते.

पण सोमवारी प्राचार्यांनी पट मागून घेतला. गुरुवारी सुखदेवचे वडील आले, तेव्हा प्राचार्यांनी भल्या मनानं तो त्यांच्यापुढं उघडला आणि शुक्रवारपर्यंतची हजेरी बोटानं दाखवली. मग दोघा उजागऱ्यांना बोलावून म्हणाले, "यांना त्याचा वर्ग बघायचाय. घेऊन जा."

बाप लहानसर चणीचा होता. मुलाची बॅग त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. बाईंनी पाण्याचा पेला आणून दिला, तो त्यानं बाकावर ठेवला आणि विचारलं, "कहां बैठता था, माट्साब?"

सरांनी खिडकीजवळची जागा दाखवली. बाप तिथं बसला. आणि मग त्याला बोलायचं होतं ते बोलला. डॉक्टर म्हणतात पोरगं तीन-चार दिवस तापानं पडून होतं. पण डॉक्टरला काय माहीत? तीन दिवसांच्या तापातलं पोर कॉलेजात येऊन बसेल का? शुक्रवारपर्यंत तर आलं होतं. म्हणजे जे झालं ते एका रात्रीत झालं. पोराच्या आईला तो हेच सांगत होता, एका रात्रीत झालं, फार तडफडलं नाही. "शुक्रवार को आया था न, माट्साब? कैसा दिखता था?"

सरांना नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. प्राचार्यांना तेच हवं होतं, बापाला हवं होतं, तिकडं दौशाला पडून असलेल्या त्या आईला तर फारच हवं होतं. सरांनी बायकोकडं पाहिलं. ती पदर डोळ्यांना लावून मान हलवत होती, जणू तिनं हो म्हणूनही टाकलं होतं. हे खोटंही आता आपण बापाच्या हातानं सुखदेवच्या आईपर्यंत पोचवणार, असं सरांच्या मनात आलं. ते समोरच्या बाकावर बसले.

"नहीं आया था," ते म्हणाले. "मंगलवार से नहीं आया. हाज़िरी मैंने लगाई."

बापाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तो म्हणाला, "आप नाम पुकारते हो, या नंबर?"

"नाम."

"चारों दिन पुकारा?"

"हां."

"जवाब नहीं आया, तो भी लिख दिया?"

"लिख दिया."

बापानं बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरु, शुक्र. ओरडला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर सरांना झेपली असती. तो उठला, बॅग पुन्हा पोटाशी धरली आणि निघून गेला. पाणी तसंच राहिलं.

प्राचार्यांच्या खोलीत सरांनी तेच पुन्हा सांगितलं, लिहून दिलं आणि सही केली. नोकरीची चार वर्षं उरली होती, ती आता उरतील की नाही हे त्यांनी विचारलंही नाही.

स्कूटरपाशी आल्यावर बाई मागं बसेनात. हँडल धरून तशाच उभ्या राहिल्या.

"गुरुवारी तुम्ही मुरलीपुऱ्याचं म्हणालात, ते हेच?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू रागावशील म्हणून."

"रागावलेच असते," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटं बोलले असते तुम्हाला. मग बिस्किटांचा पुडा घेऊन मागं बसले असते."